नव्या चालकाच्या हाती वेगवान गाडी : विम्याच्या चार गोष्टी

(दहावी १९९४ च्या तुकडीच्या त्रिदशकपूर्ती स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी फर्मान काढलं, की प्रत्येकाने आपापल्या कामातलं, पण घरी उपयोगी पडेल असं काहीतरी पंधरा मिनिटांत सांगायचं. डॉक्टर मंडळींनी सकाळी रक्तदाब सांगून झाला, आता माझी पाळी. मी वीस वर्षं मोटार विम्याचा सर्व्हेअर आहे. सोप्या भाषेत सांगायचं तर आपटलेल्या गाड्या बघायच्या, खर्च किती तो मोजायचा आणि विमा कंपनीला अहवाल द्यायचा. लोकांच्या घरी मी गेलो की कुणी हसत नाही. आज पहिल्यांदाच माझ्याकडे बघून एवढी माणसं हसताहेत, बरं वाटतंय.

विषय मी मुद्दाम निवडलाय. काल रात्री जेवताना आपल्यातल्या सहा जणांनी मला एकच प्रश्न विचारला. पोरगा किंवा पोरगी अठरा-वीसची झाली, लायसन्स नुकतंच हातात आलंय आणि गाडी हवी ती टर्बोच. विमा काय पडेल, कुणाच्या नावावर घ्यावी, सेकंडहँड घेतली तर काय? सहा जणांना वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच सांगतो. आणि शेवटी एक माझ्या घरातली गोष्ट सांगणार आहे. ती सांगायला माझ्या थोरल्या भावाची परवानगी घेतली आहे. तो आपल्याच शाळेचा, चार वर्षं पुढचा. मागच्या रांगेत बसलाय.

आपल्या गणिताच्या बाईंची सवय आठवते ना? उत्तर बरोबर असलं तरी पायरी गाळली की गुण कापायच्या. "उत्तर कुणीही शेजाऱ्याचं बघून लिहील, पायरी लिही," म्हणायच्या. बाई, तुम्ही समोर बसला आहात म्हणून सांगतो, विम्याचा धंदा सगळा पायऱ्यांचाच आहे.

आता पहिली पायरी. हप्ता ठरतो कसा?

गाडीच्या पॉलिसीत दोन भाग असतात. पहिला थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला झालेली इजा किंवा नुकसान. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे तो सक्तीचा आहे आणि त्याचा दर सरकार ठरवतं. १ जून २०२२ पासून लागू झालेले दर असे होते : हजार सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीला वर्षाला २,०९४ रुपये, हजार ते दीड हजार सीसीला ३,४१६ आणि दीड हजाराच्या वर ७,८९७. त्यावर जीएसटी वेगळा. नवी कोरी गाडी घेतली तर हा भाग तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो.

यातली गंमत बघा. वॅगनआरचं लहान इंजिन ९९८ सीसीचं आणि ताकद ६७ पीएस. आय-ट्वेंटी एन लाइनचं टर्बो इंजिनही ९९८ सीसीचंच, पण ताकद १२० पीएस. दोन्हींचा थर्ड पार्टी हप्ता एकच! आपला तक्ता इंजिनाचं पोट मोजतो, त्याचा तापटपणा मोजत नाही. विजेच्या गाड्यांना मात्र किलोवॅटप्रमाणे, म्हणजे ताकदीप्रमाणे दर आहे. पेट्रोलवाल्यांना जुनीच फूटपट्टी.

दुसरा भाग ओन डॅमेज, म्हणजे आपल्या स्वतःच्या गाडीचं नुकसान. याचे दर २००७ पासून कंपन्या आपापले ठरवतात. त्यात मुख्य बघतात ते गाडीची विमा किंमत, म्हणजे आयडीव्ही, गाडीचं वय, इंजिन, नोंदणी कुठली आणि मागच्या वर्षांत क्लेम घेतलाय का. मुंबई-पुण्यासारख्या आठ मोठ्या शहरांचा एक झोन आणि बाकी देशाचा दुसरा. पण चालवणारा एकोणीस वर्षांचा आहे की एकोणपन्नासचा, यावर बहुतेक वेळा हप्ता फारसा हलत नाही.

इंग्लंडहून आलेला आपला मित्र काल हे ऐकून उडालाच. तिकडे गाड्यांना एक ते पन्नास असे विम्याचे गट देण्याची पद्धत रूढ होती. गट जितका वरचा तितका हप्ता जड, आणि त्यावर चालकाचं वय, लायसन्स किती जुनं, पत्ता कुठला हे सगळं चढत जातं. त्याच्या मुलीला एका वेगवान छोट्या गाडीसाठी जो हप्ता सांगितला, तेवढ्यात एक जुनी गाडी आली असती. तिने मुकाट्याने खालच्या गटातली गाडी घेतली आणि वेग मोजणारा डबा बसवून घेतला. काही आईबाप यावर शक्कल लढवतात. गाडी मुख्यतः आपणच चालवतो असं लिहून देतात आणि चालवतं पोरगं. तिकडे ती फसवणूक धरतात आणि वेळ आली की क्लेम बुडतो.

म्हणजे तिकडे हप्ताच बापाचं काम करतो. 'बाळा, ही गाडी तुला अजून झेपायची नाही' हे तो आकड्यात सांगतो. आपल्याकडे हप्ता गप्प बसतो. दीडशे पीएसच्या गाडीचा विमा पोराला दहा मिनिटांत मोबाइलवर मिळतो. विमा सहज मिळाला म्हणजे गाडी पोराला झेपते असं नाही, एवढी एकच गोष्ट आज घरी घेऊन गेलात तरी माझं काम झालं. तो आकडा जे सांगत नाही ते आपण सांगायचं.

दुसरी पायरी, गाडी कुणाच्या नावावर?

बहुतेक घरांत बापाच्या नावावर घेतात. चालतं. लायसन्स असलेल्या कुणीही मालकाच्या संमतीने चालवली तरी पॉलिसी लागू असते. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पॉलिसीसोबत पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमा येतो तो मालक-चालकाचा, म्हणजे ज्याच्या नावावर आरसी आहे आणि ज्याच्याकडे लायसन्स आहे त्याचा. पोरगा चालवत असताना पोराला लागलं तर त्यातून छदाम मिळत नाही. त्यासाठी इतर चालक आणि प्रवासी यांचं कव्हर वेगळं मागून घ्यावं लागतं. ते फार महाग नसतं, पण मागितल्याशिवाय कुणी देत नाही. दुसरं, नो क्लेम बोनस हा मालकाचा असतो. पोराने पाच वर्षं गाडी काचेसारखी जपली तरी बोनस बापाच्या खात्यात.

हा बोनस नीट समजून घ्या. एक वर्ष क्लेम नाही तर ओन डॅमेजच्या हप्त्यात २० टक्के सूट, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनी ५० टक्के. एक क्लेम घेतला की पुन्हा शून्य. नवा चालक पहिल्या वर्षी गाडी घासणारच. पार्किंगच्या खांबाला, गेटला, कठड्याला. समजा ओन डॅमेजचा हप्ता चाळीस हजार आहे. पहिल्या वर्षाचा बोनस आठ हजार. पाच हजारांच्या ओरखड्यासाठी क्लेम टाकलात तर तीन हजारांचा तोटा तुम्ही स्वतः ओढवून घेतला, आणि पुढच्या वर्षांची चढणही पुन्हा पायथ्यापासून. शेकडेवारी आपल्याला सातवीत शिकवली होती, ती इथे वापरायची.

तिसरी पायरी, पॉलिसीत काय असावं?

वेगवान गाडीचे भाग महाग असतात आणि साध्या पॉलिसीत भागांची घसारा कापली जाते. प्लॅस्टिक आणि रबराच्या भागांवर थेट ५० टक्के. बंपर प्लॅस्टिकचा असतो. म्हणजे चाळीस हजारांचा बंपर फुटला तर वीस हजार आपल्या खिशातून. म्हणून नव्या चालकाच्या गाडीला झिरो डेप घ्याच. पाणी तुंबणाऱ्या भागात राहत असाल तर इंजिन प्रोटेक्ट घ्या. गाडी नवी असेल तर रिटर्न टू इन्व्हॉइस घ्या, म्हणजे गाडी पूर्ण गेली किंवा चोरीला गेली तर बिलाची किंमत धरतात. हप्ता कमी दिसावा म्हणून आयडीव्ही खाली ओढू नका, एजंटने सुचवलं तरी. गाडी टोटल लॉस झाली तर हातात येणारी रक्कम तीच असते.

आणि पॉलिसीचं पान उलटून बघा, शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली आहे. ट्रॅकवर नेली आणि आपटली तर ही पॉलिसी नाही. दारू पिऊन चालवली तर नाही. लायसन्स नसताना नाही. शिकाऊ लायसन्स असेल तर शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस आणि गाडीवर 'एल' हवा. आणि अठरा पूर्ण नसलेल्या पोराच्या हातात चावी देणाऱ्यासाठी २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात १९९-अ कलम आलं आहे. पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द आणि त्या पोराला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. हसू नका. गावाकडे गाडी लावायला म्हणून चावी देणारे इथे किती आहेत ते मला माहीत आहे.

आता शेवटची पायरी, सेकंडहँड गाडी. इथे मी माझ्या घरात येतो.

२०२१ चा जुलै. दादाचा मुलगा एकोणीस वर्षांचा. लायसन्स मिळून पाच आठवडे झालेले. शिकला ड्रायव्हिंग स्कूलच्या साध्या हॅचबॅकवर. बारावीला चांगले गुण पडले होते, दादाने शब्द दिला होता. पुण्यातून दोन लिटर टर्बो इंजिनाची एक सेडान घेतली, अठरा लाखांना. बारा लाख कर्ज, महिना सव्वीस हजार हप्ता. दादाचं मार्केट यार्डात आडत दुकान आहे, झेपण्यासारखं होतं.

आरसी दादाच्या नावावर झाली. पॉलिसीचे अजून आठ महिने शिल्लक होते, पहिल्या मालकाच्या नावावर. गाडी विकणारा म्हणाला, "पॉलिसी चालू आहे साहेब, संपली की तुमच्या नावावर करा." दादाने मला फोन केला. म्हणाला, "एवढं विम्याचं बघ रे." मी म्हटलं, "पुढच्या आठवड्यात करतो, दादा."

पावसाचे दिवस, माझ्याकडे पाण्यात बुडालेल्या गाड्यांची रांग लागलेली. पुढचा आठवडा गेला. त्याच्या पुढचाही गेला.

नियम असा आहे. गाडी विकली गेली की थर्ड पार्टीचा भाग कायद्याच्या १५७ कलमाप्रमाणे नव्या मालकाकडे आपोआप आला असं धरतात. पण ओन डॅमेजचा भाग आपोआप येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही १९९५ साली हेच सांगितलं आहे. त्यासाठी गाडीचं हस्तांतरण झाल्यापासून चौदा दिवसांत कंपनीकडे अर्ज करायचा, जुन्या मालकाच्या बोनसचा उरलेल्या काळापुरता फरक भरायचा, कारण बोनस त्याचा, तो त्याच्यासोबत जातो. मग पॉलिसी आपल्या नावावर होते. अर्धा तासाचं काम. मी शेकडो लोकांना हे समजावून सांगितलेलं आहे. 'चौदा दिवस' हा शब्द माझ्या तोंडात झोपेतही असतो.

एकोणिसाव्या दिवशी पहाटे पोरगा पुण्याहून कराडला निघाला. उंब्रजच्या अलीकडे महामार्गावर पाणी साचलं होतं. त्या गाडीचा वेग कळत नाही, मित्रांनो. आत आवाज येत नाही, शंभर आणि एकशे तीसमधला फरक फक्त काट्यावर दिसतो. पाण्यावर चाकं तरंगली, गाडी फिरली, दुभाजकाला धडकली आणि कडेने दूध घालायला निघालेल्या एका मोटारसायकलवाल्याला घेऊन थांबली.

फोन मला आला. घरचा काका म्हणूनही आणि गाड्या बघणारा माणूस म्हणूनही. पोराच्या उजव्या मांडीचं हाड मोडलं होतं. त्या माणसाचा पाय आणि दोन फासळ्या. दोघंही वाचले, हे आधी सांगतो.

त्या माणसाचा दावा साताऱ्याला मोटार अपघात न्यायाधिकरणात गेला. थर्ड पार्टीचा भाग चालू होता, भरपाई विमा कंपनीने दिली. त्या एका गोष्टीसाठी मी आजही हात जोडतो. पोराचा दवाखाना घरच्या आरोग्य विम्यातून निघाला. गाडीचा क्लेम मात्र नामंजूर झाला आणि तो नियमाने झाला. कंपनीची चूक नव्हती. सर्व्हेला आलेला माणूस माझ्या ओळखीचा. त्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "तुमच्याच घरची गाडी, आणि ट्रान्स्फर राहिली?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्यात आणखी एक निघालं. आधीच्या मालकाने इंजिनाचा संगणक बदलून ताकद वाढवली होती. पोरं त्याला 'ट्यून' म्हणतात. कंपनीला कळवलेलं नव्हतं, आम्हाला सांगितलेलं नव्हतं. म्हणजे अर्ज वेळेत गेला असता तरी हा प्रश्न उभा राहिलाच असता. म्हणून सांगतो, जुनी वेगवान गाडी घेताना अधिकृत वर्कशॉपमध्ये संगणक तपासून घ्या. कारखान्याने दिली त्यापेक्षा ताकद वाढवलेली निघाली तर ती गाडी सोडून द्या.

गाडी भंगारात सव्वादोन लाखांना गेली. कर्ज तसंच. नसलेल्या गाडीचा सव्वीस हजारांचा हप्ता दादाने दीड वर्ष भरला, मग विद्यानगरचा प्लॉट विकून मोकळा झाला. तो प्लॉट त्याने पोरीच्या शिक्षणासाठी ठेवला होता.

दादा मला एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर सोपं गेलं असतं. वर्षभर मी त्याच्याकडे जेवायला बसलो की घास उतरायचा नाही. शेवटी मीच एकदा म्हणालो, "दादा, माझी चूक झाली." तो म्हणाला, "गाडी मी दिली, वेग त्याने घेतला, कागद तू ठेवलास. तिघांनी वाटून घेऊ." त्यानंतर मी पोरीच्या फीचा अर्धा वाटा उचलतो. दादा आधी नको म्हणाला, वहिनी म्हणाल्या, "घ्या, त्यालाही झोप लागू दे."

बाई, तुम्ही पायरी गाळल्याबद्दल गुण कापत होतात, तेव्हा आम्हाला तो अन्याय वाटायचा. मला सगळं उत्तर येत होतं. पायरी लिहायची राहिली.

पोरगा आता बावीसचा आहे, चालतो नीट, थंडीत पाय दुखतो म्हणतो. त्या दूधवाल्याच्या घरी दिवाळीला जातो, हे त्याचं त्याने सुरू केलं. गेल्या वर्षी पहिल्या पगारातून त्याने स्वतःच्या नावावर एक जुनी छोटी गाडी घेतली. विकत घेतली त्याच दिवशी दुपारी माझ्या दारात कागद घेऊन उभा. पॉलिसी संध्याकाळपर्यंत नावावर करायला दिली, तेव्हाच जेवला. मागच्या महिन्यात नूतनीकरण आलं तेव्हा त्याने फोन केला, "काका, वीस टक्के बोनस आला." रक्कम सांगतो, अकराशे रुपये. एवढ्या आनंदाने मला कुणी अकराशे रुपये सांगितलेले नाहीत.

वेगवान गाडी घेऊच नका, असं मी म्हणत नाही. मलाही आवडते. पण पहिलं वर्ष साध्या गाडीवर जाऊ द्या. पावसाळा एक बघू द्या, घाट एक बघू द्या, रात्रीचा महामार्ग शेजारी बसून दाखवा. मग घ्या, आणि घ्याल त्या दिवशी कागद पुरे करा. पुढचा आठवडा नावाचा वार कॅलेंडरात नसतो.

जेवणानंतर मी आपल्या जुन्या दहावी ब च्या वर्गात बसणार आहे, खिडकीकडच्या बाकावर. पॉलिसी मोबाइलवर सगळ्यांच्याच असतात. घेऊन या, दहा मिनिटांत बघून सांगतो. नाव कुणाचं, आयडीव्ही किती, झिरो डेप आहे का, पोराला कव्हर आहे का. गाडी जुनी घेतली असेल आणि चौदा दिवस व्हायचे असतील, तर त्यांनी जेवायच्या आधी यावं.